आधी चुका वाचू, मग क्लास निवडू

दहावीचा निकाल लागला की कनिष्ठ महाविद्यालयांत पालकांची रीघ लागते आणि प्रवेशाच्या चौकशीआधीच प्रश्न येतो, ‘सर, क्लास कुठला लावू?’ विचारणाऱ्याचा आपल्यावर विश्वास असतो. त्याच्याकडे पैसे मोजके असतात आणि मुलाची दोन वर्षे पणाला लागलेली असतात. अशा वेळी ओळखीच्या दोन-चार क्लासची नावे सांगणे सोपे असते. पण मुलाचा एकही पेपर न पाहता असा सल्ला देणे शिक्षकाला शोभत नाही, असे आम्हाला ठामपणे वाटते. तयारीची पद्धत मुलाच्या चुकांवरून ठरायला हवी. त्या चुका वाचायचे शिक्षण आणि अनुभव आपल्याकडे आहे.

आधी परीक्षेकडे पाहू. एंट्रन्सची तयारी सगळीकडे सारखीच, असा पालकांचा समज असतो. प्रत्यक्षात एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटात भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. एका प्रश्नाच्या वाट्याला ५४ सेकंद येतात. गणिताच्या ५० प्रश्नांना वेगळी ९० मिनिटे आणि प्रत्येकी २ गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. सुमारे ८० टक्के भर बारावीवर आणि २० टक्के अकरावीच्या ठरावीक प्रकरणांवर असतो. जेईई मेनमध्ये ७५ प्रश्नांना तीन तास, म्हणजे प्रश्नामागे जवळजवळ अडीच मिनिटे मिळतात. नीटमध्ये १८० प्रश्न, १८० मिनिटे आणि ७२० गुण. त्यांतले निम्मे जीवशास्त्राचे. या दोन्ही परीक्षांत बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीला वजा १. त्यामुळे जेईईची लांबलचक गणिते शांतपणे सोडवणारा मुलगा सीईटीत रसायनशास्त्राचे शेवटचे वीस प्रश्न न पाहताच बाहेर येऊ शकतो. उलट, सीईटीच्या वेगाला सरावलेली मुलगी जेईईत पहिला दिसेल तो पर्याय निवडून गुण घालवते. दोघांना एकाच बॅचमध्ये बसवून दोघांचे भले होत नाही.

दुसरी गोष्ट अभ्यास कसा पक्का होतो याची. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा प्रयोग आपल्या प्रत्येक स्टाफरूममध्ये चर्चेला यावा असा आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकदाच वाचला आणि नंतर तीन वेळा, उतारा समोर न ठेवता, आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणाऱ्यांना सुमारे ८३ टक्के आठवत होते, लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्याने चित्र उलटले. वाचणारे ४० टक्क्यांवर घसरले, लिहिणारे ६१ टक्क्यांवर टिकून राहिले. आणि आपल्याला हे चांगले आठवेल अशी जास्त खात्री कोणाला होती? चार वेळा वाचणाऱ्यांना.

आपल्या मुलांचे नेमके हेच होते. दोन तासांचे उत्तम लेक्चर ऐकल्यावर, छापील नोट्सवर रंगीत पेन फिरवल्यावर, व्हिडिओ पाहिल्यावर ‘समजलं’ असे वाटते, आणि ते वाटणे खरेही असते. फक्त ते परीक्षेपर्यंत टिकत नाही. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. स्वतःची चाचणी घेणे आणि उजळणी दिवसांच्या अंतराने विभागणे या दोन पद्धती सर्वांत उपयुक्त ठरल्या. पुन्हा पुन्हा वाचणे आणि ओळी अधोरेखित करणे या तळाला गेल्या. म्हणून कोणत्याही क्लासबद्दल विचारायचा पहिला प्रश्न ‘शिकवतात कसे?’ हा नसावा. ‘ऐकलेले आठवून पाहायला आणि चुकलेले दुरुस्त करायला मुलाला आठवड्यात किती तास उरतात?’ हा असावा. कॉलेज, क्लास आणि प्रवास यांत दिवसाचे दहा-बारा तास गेले तर याचे उत्तर शून्याच्या जवळ येते.

आता चुकांकडे वळू. उत्तरपत्रिकेतल्या प्रत्येक गेलेल्या गुणामागे पाचांपैकी एक कारण सापडते. संकल्पनाच कळलेली नसते. किंवा कळलेली असते, पण ऐन वेळी आठवत नाही. किंवा सूत्रे सगळी पाठ असतात, मात्र या प्रश्नाला कोणते लावायचे ते ओळखता येत नाही. किंवा रीत बरोबर असून चिन्ह, एकक किंवा आकडेमोड चुकते, प्रश्नातला ‘नाही’ वाचायचा राहतो. किंवा प्रश्नापर्यंत वेळच पोहोचत नाही.

तापावर आणि मोडलेल्या हाडावर एकच औषध चालत नाही, तसे या पाचांचे उपायही वेगवेगळे आहेत. संकल्पना कच्ची असेल तरच शिकवणीची खरी गरज असते. तीही बहुधा चार-सहा प्रकरणांपुरती, सगळ्या विषयांची नव्हे. आठवत नसेल तर कोऱ्या कागदावर लिहून पाहणे आणि तिसऱ्या, सातव्या, एकविसाव्या दिवशी पुन्हा विचारणे उपयोगी पडते. रीत ओळखता येत नसेल तर एका प्रकरणाची पन्नास गणिते एका बैठकीत सोडवून भागत नाही, कारण रीत कोणती ते धड्याच्या नावानेच सांगितलेले असते. अशा मुलाला चार-पाच प्रकरणांची मिश्र गणिते द्यावी लागतात. आकडेमोड चुकत असेल तर काही आठवडे घड्याळ बाजूला ठेवून प्रत्येक पायरी लिहायला लावावी. आणि वेळ पुरत नसेल तेव्हाच टेस्ट सिरीज खऱ्या अर्थाने कामी येते. ज्याच्या संकल्पना कच्च्या आहेत त्याला दर रविवारी मॉक देऊन आपण त्याची निराशा तेवढी मोजत राहतो.

अंदाजाने उत्तर देण्याबद्दलही मुलांना हिशेबाने सांगायला हवे. सीईटीत प्रश्न कोरा सोडणे हा निव्वळ तोटा आहे. नीट-जेईईच्या बहुपर्यायी प्रश्नांत एक पर्याय खात्रीने खोडता आला तर उत्तर देण्याचा सरासरी फायदा सुमारे ०.६७ गुण, दोन खोडता आले तर १.५ गुण. एकही खोडता येत नसेल तर कागदावर पाव गुण उरतो, पण फसवे पर्याय मुलांच्या नेहमीच्या चुकांवरूनच बेतलेले असतात, तेव्हा तोही हाती येईल याचा भरवसा नाही.

पैशांबाबत पालकांना आपण सावध केले पाहिजे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये राज्यांना पाठवलेल्या मार्गदर्शक सूचनांत सोळा वर्षांखालील मुलांना क्लासमध्ये प्रवेश देऊ नये, शाळा-कॉलेजच्या वेळेत वर्ग घेऊ नयेत, दिवसाला पाच तासांहून जास्त शिकवू नये आणि मुलाने मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी परत करावी, असे म्हटले आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने क्लासच्या जाहिरातींसाठी नियम घातले. फलकावर ज्याचा फोटो झळकतो त्याने नेमका कोणता कोर्स आणि किती काळ केला, हे जाहिरातीत सांगणे त्यानुसार बंधनकारक आहे. पूर्ण दोन वर्षांचा विद्यार्थी आणि परीक्षेआधी काही आठवडे टेस्ट सिरीज लावलेला विद्यार्थी यांतला फरक पालकांना कळायला हवा. फी टप्प्याटप्प्याने भरा आणि परताव्याची अट लेखी घ्या, एवढे तरी प्रत्येक पालकाला सांगू या.

ज्यांना क्लास परवडतच नाही त्यांची जबाबदारी तर सर्वस्वी आपली आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालय आणि आयआयटी कानपूर यांचे ‘साथी’ हे व्यासपीठ मोफत आहे. जुन्या प्रश्नपत्रिका संकेतस्थळांवर मिळतात. सीईटीसाठी बालभारतीची अकरावी-बारावीची पुस्तके आणि नीटसाठी एनसीईआरटीची पुस्तके हाच पाया आहे. इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी ‘महाज्योती’चे मोफत प्रशिक्षण आहे. साधनांची इतकी वाण नाही. वाण आहे ती शेजारी बसून ‘तुझं इथे चुकतंय’ असे सांगणाऱ्या माणसाची.

प्रवेश कॉलेजात आणि शिकवणी क्लासमध्ये, अशा इंटिग्रेटेड व्यवस्थेमुळे अनेक कॉलेजांत आपले वर्ग रिकामे पडतात, ही आपली व्यथा रास्त आहे. २०१८ मध्ये राज्य सरकारला बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला तो याच कारणाने. पण हजेरीच्या सक्तीने मुले बाकावर येतील, आपल्याकडे येणार नाहीत. क्लासमध्ये शंभर-दोनशे मुलांच्या बॅचला रँक सांगितली जाते. चूक कोणत्या कारणाने झाली हे सांगायला तिथे सहसा कोणाला सवड नसते. ते कारण आपण सांगू लागलो तर मुले येतील.

म्हणून या वर्षासाठी आमचा ठोस प्रस्ताव असा. अकरावीच्या पहिल्या पंधरवड्यात दहावीच्या गणित-विज्ञानावर एक तासाची चाचणी घ्यावी. प्रत्येक मुलाने चुकांची वही ठेवावी आणि प्रत्येक चुकीपुढे पाचांपैकी कारण लिहावे. आठवड्यातली एक तासिका फक्त या वहीसाठी राखावी. पालकांची पहिली सभा याच वहीच्या आधारे घ्यावी आणि क्लास, टेस्ट सिरीज की स्वतःचा अभ्यास, हा निर्णय तिथे करावा. बारावीनंतर पुन्हा एक वर्ष देऊ पाहणाऱ्यांनाही हीच कसोटी लावावी. चुका मुख्यतः वेळेच्या आणि आकडेमोडीच्या असतील तर वर्षभराच्या सरावाने गुण वाढण्यास वाव असतो. तिन्ही विषयांच्या मुळातच अडचण असेल तर ‘ड्रॉप घे’ म्हणण्याआधी मुलाशी दुसऱ्या वाटांबद्दल मोकळेपणाने बोलावे.

दिवाळीपर्यंत आपापल्या वर्गातल्या चुकांचे वर्गीकरण आमच्याकडे पाठवा. मुलांची नावे नकोत, फक्त विषय, प्रकरण आणि कारण कळवा. ते आम्ही छापू. लातूर, नांदेड, पुणे, गडचिरोली, सिंधुदुर्ग इथल्या मुलांचे गुण नेमके कुठे जातात हे एकमेकांना कळले, तर पुढच्या जूनमध्ये ‘क्लास कुठला लावू?’ या प्रश्नाला आपल्याकडे अनुभवाने तपासलेले उत्तर असेल.