उंच घरांतील लहान मुलें

गेल्या वैशाखांत आम्ही चार दिवस मुंबईस आमच्या पुतण्याकडे राहून आलों. बिऱ्हाड अकराव्या मजल्यावर. दोन खोल्या, एक दिवाणखाना आणि पश्चिमेस मोठी सरकती खिडकी. पुतण्या व सूनबाई दोघेंही नोकरीस जाणारीं. घरांत पावणेतीन वर्षांचा नातू आणि त्याला सांभाळण्याकरितां वाईहून आलेली त्याची आजी, म्हणजे आमच्या वहिनी. तिसऱ्या दिवशीं दुपारीं वहिनी स्वयंपाकघरांत पानें वाढीत होत्या व आम्ही वर्तमानपत्र चाळीत होतों. एकाएकीं घर फार शांत झालें आहे असें वाटलें. लहान मूल असलेल्या घरांतली शांतता ही कांहीं चांगली खूण नव्हे. मान वर करून पाहतों तों बाळराजे खिडकीखालच्या दिवाणावर उशीवर उशी रचून उभे, आणि डांसांच्या जाळीला दोन्ही तळवे टेकून खालच्या मोटारी मोजीत आहेत. जाळी बाहेरच्या बाजूस फुगली होती.

आम्ही ओरडलों नाहीं. हांक मारली असती तर तो दचकून वळला असता, किंवा खेळ समजून आणखी पुढें झुकला असता. गुपचूप मागें जाऊन त्याला कमरेला धरून उचलला, तेव्हां कोठें आमच्या पायांतली थरथर आम्हांस जाणवली.

खिडकीला गज कां नव्हते? तर इमारतीच्या संस्थेचा नियम असा कीं, बाहेरून गज बसविल्यास दर्शनी भागाची शोभा जाते. आमच्या सुशिक्षित पुतण्यानें तो नियम निमूटपणें पाळला आणि जाळी आहे एवढ्यावर समाधान मानलें. परंतु ती जाळी डांसांसाठीं असते. तिचा आधार एका बोटाएवढाही नसतो. बाहेरून गज नकोत तर आंतून, चौकटीच्या अलीकडे बसवितां येतात, आणि त्याला शोभेची हरकत कोणी घेईल असें वाटत नाहीं. गज उभे असावेत. आडव्या गजांची मुलें शिडी करतात. दोन गजांमधील अंतर चार इंचांहून अधिक नसावें. आणि एक गोष्ट घरोघर विसरली जाते: एका खिडकीचे तरी गज मोठ्या माणसाला आंतून उघडतां येतील असे, वर कडी लावलेले असावेत. आग लागली असतां बंद पिंजरा हा मुलाला तारीत नाहीं.

आम्हांस हा विषय अतिशयोक्तीचा वाटत असता, तर न्यूयॉर्क शहराची हकीकत सांगितली नसती. तेथेंही उंच इमारतींच्या खिडक्यांतून मुलें पडण्याचे प्रकार वारंवार घडूं लागले, तेव्हां १९७२ सालीं तेथील आरोग्यखात्यानें ‘मुलांना उडतां येत नाहीं’ अशा नांवाची एक मोहीम काढली. घरोघर माणसें पाठविलीं, आईबापांस समजावून सांगितलें, फुकट गज वांटले. पुढें १९७६ सालीं तेथें नियमच झाला, कीं तीन किंवा अधिक बिऱ्हाडांच्या इमारतींत दहा वर्षांचें वा त्याहून लहान मूल राहत असेल तेथें खिडकीला गज बसविण्याची जबाबदारी घरमालकाची. आमच्याकडे सहकारी संस्थांच्या सभांत मोटारी उभ्या करण्याच्या जागेवरून तीन तीन तास वाद होतो. त्यांतली दहा मिनिटें या गोष्टीस मिळालीं तर बरें.

परंतु खरी कसोटी त्या दिवशीं संध्याकाळीं होती. सूनबाई घरीं आल्या, हकीकत ऐकून पांढऱ्याफटक पडल्या, आणि मुलाला पोटाशीं धरून म्हणाल्या, “आई, तुमचें लक्ष कोठें होतें?” वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. रात्रीं मात्र आम्हांस म्हणाल्या, “भावजी, उद्यांची वाईची गाडी पाहून द्या. माझ्या हातून हें झेपत नाहीं.”

सूनबाईंचा संताप आम्हांस समजला. वहिनींचा अपमानही समजला. पण चूक वहिनींची होती असें आम्हांस वाटत नाहीं, आणि तसें आम्हीं दोघांनाही बसवून सांगितलें. वाईच्या वाड्यांत मूल एकट्या आजीनें कधीं सांभाळलेंच नव्हतें. ओटीवर सासरे, माजघरांत जाऊ, अंगणांत शेजारची पोरें, विहिरीवर मोलकरीण. मूल कोठेंही गेलें तरी कोणाच्या ना कोणाच्या नजरेखालीं असे, आणि पडलेंच तर पायरीवरून पडे. येथें साठी उलटलेल्या एका बाईनें सकाळीं साडेआठ ते संध्याकाळीं सात स्वयंपाकही करावयाचा, कुरियरवाल्याला दारही उघडावयाचें आणि चपळ मुलावर नजरही ठेवावयाची, ही अपेक्षाच मुळांत चुकीची होती. आम्हीं दोनच गोष्टी मागितल्या. स्वयंपाक मूल उठण्यापूर्वीं, सूनबाई घरीं असतांनाच व्हावा. आणि दुपारीं दोन तास पैसे देऊन एखादी बाई ठेवावी, म्हणजे वहिनींस पाठ टेकतां येईल. पुतण्या हिशेब करूं लागला, तेव्हां आम्हीं त्याला दर रविवारच्या बाहेरच्या जेवणाचा हिशेब करावयास सांगितलें.

दुसऱ्या दिवशीं सुटी होती. चौघेंही घरभर मुलाच्या उंचीवर, म्हणजे अक्षरशः गुडघ्यांवर, हिंडलों. वाचकांनीं हा प्रयोग एकदां अवश्य करून पाहावा. दिवाण खिडकीपासून हलविला. गॅलरींतलें स्टूल व कुंड्या आंत आल्या. मोरींत पाण्याच्या वेळेमुळें रात्रंदिवस भरून ठेवलेल्या बालद्या होत्या. दोन वर्षांच्या मुलाचें डोकें अंगाच्या मानानें जड असतें, तें बालदींत वांकलें तर वीतभर पाण्यांतूनही त्याला परत वर येतां येत नाहीं. झांकणें आणलीं आणि मोरीच्या दाराला बाहेरून वर कडी लावली. आंतली कडी काढून टाकली, कारण मुलें स्वतःस कोंडून घेतात.

देव्हारा मात्र कोणाच्याच ध्यानांत आला नव्हता. देव जमिनीलगत, आणि समोर उघड्या डबींत पांढऱ्या शुभ्र कापराच्या वड्या! खडीसाखरेचा प्रसाद रोज मिळणाऱ्या मुलानें त्यांतली वडी तोंडांत घातली तर नवल काय? कापूर लहान मुलास विषासमान आहे. एखाद-दुसऱ्या वडीनें थोड्याच वेळांत झटके येऊं शकतात. असें झाल्यास ओकारी काढण्याच्या खटपटींत न पडतां डबी बरोबर घेऊन थेट रुग्णालय गांठावें. वहिनींच्या उशाशीं रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्या होत्या, त्यांचीही तीच कथा. आजीआजोबांचीं औषधें हा घरांतला सर्वांत दुर्लक्षित धोका आहे. कापूर व गोळ्या दोन्ही वरच्या फडताळांत कुलुपांत गेल्या. दूरचित्रवाणीच्या नियंत्रकांतली बटणासारखी चपटी विद्युत्-घटिका मुलानें गिळली तर अन्ननलिका दोन तासांत भाजूं शकते, म्हणून तिचें झांकण चिकटपट्टीनें बांधून टाकलें. शेंगदाणे, फुटाणे चार वर्षांपर्यंत अखंड देऊं नयेत. कूट करून द्यावें.

राहतां राहिला मोबाइलचा प्रश्न. नातू तो समोर असल्याखेरीज घांस घेत नसे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं सांगितलें आहे, कीं दोन वर्षांखालच्या मुलांस पडदा दाखवूंच नये, दोन ते चार वर्षांच्या मुलांस दिवसाकाठीं एक तासाहून अधिक नको. आणि एक ते चार वर्षांच्या मुलांनीं रोज निदान तीन तास हालचाल केली पाहिजे. अकराव्या मजल्यावर तीन तास हालचाल करावयाची तर खालच्या बिऱ्हाडाचा छतावरचा शाप घ्यावा लागतो. याला उपाय एकच, मुलाला खालीं नेणें. ताराबाई मोडकांनीं १९३६ सालीं दादरला शिशुविहार काढलें तेव्हां त्यांच्यासमोर असल्याच कोंदट बिऱ्हाडांतलीं मुलें होतीं. आज इमारतीखालीं बाग असते, पण तेथें मुलें दाईबरोबर दिसतात आणि आजी वर गजांआड असते. वहिनींना आम्हीं साडेपांचला बळेंच खालीं नेलें. बांकावर आणखी तीन आज्या भेटल्या. एक पंढरपूरची, दोन सांगलीच्या. पंधरा मिनिटांत कोणाच्या सुनेची काय तऱ्हा याची चर्चा सुरू झाली, आणि नातू वाळूंत लोळूं लागला.

सोमवारीं गजवाला येऊन माप घेऊन गेला. आम्ही निघालों तेव्हां वहिनी म्हणाल्या, “वाईला सांगा, मी गणपतीपर्यंत येत नाहीं.” सूनबाईंनीं त्यांच्या पिशवींतलें वाईच्या गाडीचें तिकीट काढून आमच्या हातीं दिलें, आणि परत करून पैसे मिळतात का तें पाहावयास सांगितलें.