कमांड ते कागद

बारावी-दहावीचे निकाल लागले की परभणी जिल्ह्यातल्या नऊही तालुक्यांच्या ठिकाणी तहसीलचा परिसर गजबजून जातो. उत्पन्न, रहिवास, जात, नॉन-क्रिमिलेअर अशा दाखल्यांसाठी मुले आणि पालक येतात. पेरणीच्या तोंडावर पीक कर्जासाठी सातबारा आणि आठ-अ काढणाऱ्या शेतकऱ्यांची त्यात भर पडते. अर्ज ऑनलाइन असतो, मंजुरी ऑनलाइन येते, सहीही डिजिटल असते. पण बँकेच्या फाइलला आणि प्रवेशाच्या अर्जाला जोडायला कागद लागतोच. तो हातात पडायच्या वेळी खिडकीतून ठरलेले उत्तर येते : ‘कमांड दिलीय, प्रिंटर स्लो चाललाय, थांबा जरा.’

हा ‘जरा’ किती, याची नोंद कुठेच होत नाही. महाराष्ट्रात लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली आला. त्याने प्रत्येक दाखल्याला मुदत ठरवून दिली, मुदत टळली तर अपिलाची सोय केली आणि कसूर ठरल्यास ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूदही केली. पण कायदा दिवस मोजतो. खिडकीपुढे गेलेला तास-दीड तास त्याच्या हिशेबात येत नाही. पालम किंवा सोनपेठ तालुक्यातल्या खेड्यातून आलेल्या माणसाचे मात्र परतीच्या एसटीवर सगळे अवलंबून असते. एसटी हुकली की त्या दिवसाचा रोज गेलेला असतोच, वर दुसरी खेप पडते. म्हणून प्रिंटर हळू चालणे ही कार्यालयाची अंतर्गत कुरबुर आहे, असे आम्ही मानत नाही.

‘प्रिंटर स्लो आहे’ या एका वाक्यात निदान पाच-सहा वेगवेगळे बिघाड लपतात आणि त्यातले बरेचसे प्रिंटरमध्ये नसतातच. ते वेगळे न काढल्यामुळे एक तर सगळे सोसत बसतात, नाही तर जुने यंत्र निर्लेखित करून नवे मागवले जाते. डेडस्टॉक रजिस्टरला नवी नोंद होते आणि महिन्याभरात नवे यंत्रही तसेच रेंगाळू लागते, कारण उशीर जिथे होत होता तिथे कोणी हातच लावलेला नसतो.

छपाईची वाट मुळात अशी आहे. फाइल उघडते, विंडोजमधला स्पूलर ती आपल्या रांगेत घेतो, ड्रायव्हर तिचे प्रिंटरला कळेल अशा रूपात भाषांतर करतो, ते केबलीतून किंवा नेटवर्कवरून यंत्राकडे जाते, यंत्र पानाचे चित्र तयार करते, ड्रमवर टोनर चढतो आणि सुमारे २०० अंशांपर्यंत तापणारा फ्यूजर तो कागदावर पक्का करतो. शेवटच्या दोन पायऱ्या तेवढ्या डोळ्यांना दिसतात आणि कानांना ऐकू येतात. त्यामुळे दोषही त्यांनाच लागतो.

सरकारी कार्यालयांत आणि सेवा केंद्रांत वर्षानुवर्षे दिसणारी दोन छोटी यंत्रे घ्या : एचपीचा लेझरजेट १०२० आणि कॅननचा एलबीपी २९००. पहिला मिनिटाला ए-फोर आकाराची १४ पाने काढतो, दुसरा १२. म्हणजे यंत्र पानाला चार-पाच सेकंद घेते. दोन्हींची स्मृती अवघी २ एमबी आहे, कारण पानाचे चित्र तयार करण्याचे काम ती स्वतः करत नाहीत, जोडलेल्या संगणकाकडून करून घेतात. स्वस्त होण्याचे तेच कारण. पण याचा अर्थ असा की संगणक दमला की प्रिंटर दमलेला दिसतो. दहा टॅब उघडलेला ब्राउझर, भरत आलेली सी ड्राइव्ह, मागे चालू असलेले अँटिव्हायरसचे स्कॅन, यांचा भार थेट छपाईवर पडतो. अशा ठिकाणी नवा प्रिंटर घेण्यापेक्षा संगणकाची रॅम वाढवणे आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणे हाच खरा उपाय असतो, आणि खर्चही बहुधा कमी येतो.

पान किती ‘जड’ असते याचा अंदाज येण्यासाठी थोडे गणित करून पाहू. ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, ए-फोर पानावर साधारण साडेतीन कोटी ठिपके मावतात. प्रत्येक ठिपका काळा की पांढरा एवढेच लिहायचे म्हटले तरी सव्वाचार एमबीच्या वर माहिती होते. तेच १२०० डीपीआयला केले तर चौपट, म्हणजे १७ एमबीच्या पुढे. साध्या मजकुराच्या पानात बहुतेक जागा कोरी असते, त्यामुळे ही माहिती दाबून अगदी लहान करता येते आणि पान झटक्यात निघते. सातबाऱ्याचे तसे होत नाही. १ मे २०१८ रोजी डिजिटल सहीच्या सातबाऱ्याची सोय सुरू झाली आणि तलाठ्याच्या सहीशिवाय चालणारा उतारा मिळू लागला, ही फार मोठी सोय झाली. नंतर आलेल्या नव्या नमुन्यात मजकुरामागे फिकट बोधचिन्ह असते. काळ्या टोनरच्या यंत्राला फिकट रंग छापता येत नाही. तो विखुरलेल्या बारीक ठिपक्यांनी भासवावा लागतो. कोरी जागा ठिपक्यांनी भरली की माहिती दाबली जात नाही आणि पानाचे वजन वाढते. साधे पत्र लगेच निघते आणि सातबारा रेंगाळतो, यामागे हे एक कारण आहे. ड्रायव्हरमध्ये गुणवत्ता ६०० डीपीआयवर ठेवली आणि ब्राउझरमधून थेट छापण्याऐवजी पीडीएफ उतरवून घेऊन मग छापली, तर फरक पडतो.

स्कॅन केलेल्या कागदांची गोष्ट याहून जड. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या जिल्ह्यांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. मोडीतली आणि उर्दूतली जुनी दप्तरे बाहेर निघाली, स्कॅन झाली, आणि त्यांच्या प्रती कुणबी दाखल्याच्या अर्जाला वंशावळीसोबत जोडाव्या लागू लागल्या. ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन केलेले एक ए-फोर पान उघडे केले की सुमारे २६ एमबी भरते. अशी पाच-सात पाने एका कमांडमध्ये दिली की लहान प्रिंटर मिनिटभर गप्प बसणारच. तो बिघडलेला नाही, पोचलेले ओझे उपसतो आहे. हीच पाने काळ्या-करड्या रंगात रूपांतरित करून छापली तर ओझे बरेच उतरते, आणि मोडीची वळणेही शाबूत राहतात. दोनच रंगांत, म्हणजे निव्वळ काळे-पांढरे मात्र करू नये. जुन्या शाईच्या फिकट रेघा त्यात उडून जातात आणि पुरावा म्हणून कागदाची किंमतच कमी होते.

देवनागरीमुळेही थोडा भार वाढतो. मोठ्या कार्यालयीन प्रिंटरांत काही रोमन टंक मुळातच भरलेले असतात, त्यामुळे इंग्रजी पत्राला नुसती अक्षरांची नावे पाठवून भागू शकते. मराठी पानाबरोबर टंकाच्या आकृत्याही पाठवाव्या लागतात. एका पत्राला हा फरक जाणवत नाही. पण एकाच अहवालात श्रीलिपी, कृतिदेव आणि युनिकोड अशी सरमिसळ असेल तर प्रत्येक टंकाचा वेगळा संच जातो. जिल्हा परिषदेला तालुक्यांतून येणारे तक्ते एकत्र जोडणाऱ्या कोणालाही हे सरमिसळ अहवाल माहीत असतील. सगळीकडे युनिकोड वापरावा, हे शासनाचे धोरण आहेच; छपाईच्या वेगासाठीही ते बरे.

आता रांगेविषयी. स्पूलरची रांग पिठाच्या गिरणीतल्या डब्यांसारखी असते : पुढचा डबा अडला की मागचे सगळे अडतात, मग त्यांत शेरभरच दळण का असेना. एखादी फाइल अर्धवट पोचलेली असते, एखाद्याने लेटर आकाराची कमांड दिलेली असते आणि ट्रेमध्ये ए-फोर कागद असतो. प्रिंटर दिवा लुकलुकवत ‘तो कागद द्या’ म्हणून थांबतो आणि कोणी तिकडे पाहत नाही. लेटर हा अमेरिकी आकार. अनेक ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअर तोच धरून चालतात. आपल्याकडे ए-फोर आणि लीगल चालतो. प्रत्येक संगणकावर एकदा ए-फोर ठरवून टाकण्याने किती उशीर वाचतो, याची कल्पना खिडकीबाहेर उभ्या माणसाला येणार नाही.

कागद येत नाही म्हणून पुन्हा कमांड, मग पुन्हा कमांड, ही सवय सर्वांत वाईट. त्याने रांग लांबते, आणि अडथळा सुटला की एकाच दाखल्याच्या पाच प्रती धडाधड पडतात. त्या उरलेल्या प्रती कोणाच्या तरी उत्पन्नाच्या, जातीच्या, जमिनीच्या असतात. त्या पाठकोऱ्या म्हणून वापरल्या जातात किंवा रद्दीत जातात. माणसाची खासगी माहिती अशी बाहेर जाणे आम्हाला कागदाच्या नासाडीहून गंभीर वाटते.

रांग खरोखर अडली तर उपाय अवघड नाही : स्पूलर सेवा थांबवायची, अडकलेल्या फाइली काढायच्या, सेवा पुन्हा सुरू करायची. यासाठी ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात, आणि खिडकीवर बसलेल्या ऑपरेटरकडे बहुधा ते नसतात. २०२१ च्या जुलैत विंडोजच्या स्पूलरमधली ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाने गाजलेली त्रुटी उघड झाली. तिच्या बंदोबस्तासाठी मायक्रोसॉफ्टने ऑगस्टमध्ये ड्रायव्हर बसवण्यावरही हे अधिकार सक्तीचे केले. सुरक्षेसाठी ते योग्यच होते. पण दुसऱ्याच्या संगणकावरून शेअर केलेल्या प्रिंटरवर छापणाऱ्या असंख्य कार्यालयांत तेव्हापासून छपाई अधूनमधून अडू लागली. शेअरिंगचा आणखी एक तोटा साधा आहे. ज्या टेबलावरच्या संगणकाला प्रिंटर जोडलेला आहे, तो जेवणाच्या सुट्टीत झोपी गेला की सगळ्या खोलीची छपाई थांबते. नेटवर्कचा प्रिंटर असेल तर त्याला कायमचा पत्ता ठरवून द्यावा आणि विंडोज आपोआप जोडते त्या डब्ल्यूएसडी पोर्टऐवजी साधा टीसीपी-आयपी पोर्ट वापरावा. पत्ता बदलला की संगणक जुन्या पत्त्यावर वाट पाहत बसतो, आणि ‘ऑफलाइन’ची पाटी झळकायला बराच वेळ जातो.

यंत्राचे स्वतःचे दोष उरतात, त्यांना फार जागा द्यायची गरज नाही. ड्रायव्हरमध्ये चुकून ‘जाड कागद’ निवडलेला असेल तर यंत्र मुद्दाम हळू चालते. सलग मोठी छपाई केली की फ्यूजर निवावा म्हणून ते मध्ये थांबते, आणि मे महिन्यातल्या परभणीच्या बंद खोलीत हे थांबणे वाढते. व्होल्टेज उतरले की फ्यूजर तापायला वेळ लागतो. पण म्हणून लेझर प्रिंटर छोट्या यूपीएसला लावू नये, त्याचा झटक्याने वाढणारा भार त्या यूपीएसला पेलत नाही. पावसाळ्यात रीमचे वेष्टन उघडे राहिले की कागद दमट होतो आणि अडकतो.

नेमका दोष कुठे, हे घड्याळ लावून पाव तासात कळते. नोटपॅडमध्ये एक ओळ लिहून छापावी. ती लगेच निघाली तर प्रिंटर, केबल आणि रांग ठीक आहेत. दोष फाइलीत, संकेतस्थळावर किंवा संगणकावरच्या भारात शोधायचा. तीही रेंगाळली तर तीच ओळ दुसऱ्या संगणकावरून द्यावी; तिथून लगेच निघाली तर दोष पहिल्या संगणकात आहे. मग एकाच फाइलीची दहा पाने काढून पाहावी. पहिले पान उशिरा आणि पुढची भराभर आली तर यंत्र झोपेतून उठत आहे किंवा पत्ता शोधत आहे. सगळी सारख्याच अंतराने हळू आली तर कागदाची किंवा गुणवत्तेची निवड चुकली आहे. सुरुवात वेगात होऊन मागून मंदावली तर यंत्र तापले आहे. हे करायला इंजिनिअर लागत नाही.

लागते ती जबाबदारी. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी मे महिन्यात, गर्दीच्या आधी, ही तपासणी व्हावी आणि तिची तारीख नोंदली जावी. स्पूलर पुन्हा सुरू करण्यापुरते अधिकार कार्यालयातल्या एका माणसाकडे असावेत. देखभालीच्या वार्षिक करारात ‘टोनर भरला’ याच्या पुढे जाऊन पहिले पान किती सेकंदांत निघाले, हेही लिहिले जावे. ऑपरेटर कंत्राटी असतो, त्याचे मानधन तुटपुंजे असते आणि लोकांचे बोलणे तोच खातो. त्याच्यावर राग काढून काहीच सुटत नाही.

आणि काही कागद मुळात छापावेच लागू नयेत. डिजिटल सातबाऱ्यावर पडताळणी क्रमांक असतो. त्यावरून उतारा खरा आहे की नाही, हे बँकेला आपल्याच संगणकावर पाहता येते. तरीही शाखांत कागदच मागितला जातो. खरीप कर्जवाटपाच्या आढाव्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांसमोर बँकांची बैठक होते. त्या बैठकीत सातबारा आणि आठ-अ यांच्या छापील प्रतीऐवजी पडताळणी क्रमांक स्वीकारण्याचा निर्णय यंदाच्या हंगामापासूनच व्हावा.