कोठीची किल्ली कोणाकडे?

दिनांक 24 मार्च 2020. रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी एकवीस दिवसांच्या टाळेबंदीची घोषणा केली आणि साडेआठच्या आत कळंबोलीतील किराणा दुकानांपुढे रांगा लागल्या. त्या रांगेत मीही होतो. इतिहासाचा शिक्षक, वर्गात समतेवर तासन्‌तास बोलणारा, हातात दोन मोठ्या पिशव्या घेऊन उभा होतो. माझा क्रमांक आला तेव्हा वीस किलो पीठ, दहा किलो तांदूळ, पाच किलो तूरडाळ आणि तेलाचा पाच लिटरचा डबा मी घेतला. माझ्यामागे लोखंड बाजारात माथाडी काम करणारे एक गृहस्थ उभे होते. त्यांच्या मुठीत दोनशेची एक नोट होती. त्यांची पाळी येईपर्यंत डाळ संपली होती.

घरी आल्यावर पत्नीने पिशव्यांकडे पाहून विचारले, “अहो, माणसं आपण तीन. एवढं कशाला आणलंत?” मी उत्तर दिले, “पुढचं कोणी पाहिलंय?” मे महिन्याच्या अखेरीस त्यातील निम्म्या पिठात अळ्या झाल्या. ते पीठ टाकून देताना मला ती दोनशेची नोट आठवली. आजही आठवते.

संकटकाळासाठी साठा करणे हे शहाणपण की स्वार्थ, हा प्रश्न म्हणून माझ्यापुरता केवळ तात्त्विक राहिलेला नाही. आपल्या शाळेच्या स्मरणिकेत तो मांडण्याचे कारण असे की, या शाळेच्या वसतिगृहात लेकरे ठेवणाऱ्या पालकांपैकी बहुतेक जण त्या रांगेत माझ्या मागे उभे राहणारे आहेत. आणि येथून शिकून गेलेले माजी विद्यार्थी आता माझ्यासारखे पुढे उभे राहू लागले आहेत.

प्रथम धम्म काय सांगतो ते पाहू. दीघ निकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला कमाईचे चार वाटे करण्यास सांगितले आहे. एक वाटा उपभोगासाठी, दोन वाटे व्यवसायासाठी आणि चौथा आपत्तीच्या काळासाठी राखून ठेवण्याचा. म्हणजे गृहस्थाने उद्याची तरतूद करणे यात काहीही गैर नाही. उलट ते त्याचे कर्तव्य आहे.

परंतु त्याच दीघ निकायात अग्गञ्ञ सुत्तही आहे. त्यातील कथा अशी: आरंभी तांदूळ आपोआप उगवत असे. सकाळी न्यावा, सायंकाळी पुन्हा उगवलेला असे. एका आळशी माणसाच्या मनात आले, दोनदा जाण्यापेक्षा दोन्ही वेळचा एकदाच आणावा. शेजाऱ्याने ते पाहून दोन दिवसांचा आणला. त्याच्या शेजाऱ्याने चार दिवसांचा, पुढच्याने आठ दिवसांचा. मग दाण्यावर कोंडा चढला, कापलेले रोप पुन्हा उगवेनासे झाले, शेतांना बांध पडले. बांधामागून चोरी आली, चोरीमागून असत्य आणि असत्यामागून दंड. टंचाईमुळे साठा झाला असे आपण समजतो. येथे क्रम उलटा आहे. साठ्यामुळे टंचाई झाली. 24 मार्चच्या रात्री कळंबोलीत मी जे पाहिले ते याहून वेगळे नव्हते. दुकानातील डाळ दुष्काळाने संपली नव्हती. ती माझ्या पिशवीत होती.

या दोन सुत्तांत विरोध आहे काय? मला तसे वाटत नाही, आणि त्याचा उलगडा विनयात होतो. भिक्खूने आजचे अन्न उद्यासाठी ठेवू नये असा नियम आहे. तूप, लोणी, तेल, मध, गूळ यांसारखी औषधे फार तर सात दिवस बाळगावीत. ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ या निबंधात बाबासाहेबांनी भिक्खूसंघातील मालमत्तेचे नियम रशियातील साम्यवादापेक्षाही कडक असल्याचे नमूद केले आहे. मात्र त्याच संघाला कोठार ठेवण्याची मुभा होती आणि त्यावर भांडागारिक नेमला जाई. त्याची पात्रता पाहण्यासारखी आहे: आवडनिवड, द्वेष, मोह आणि भय या चारांच्या आहारी न जाणारा, आणि काय सांभाळले गेले व काय नाही याची जाण असणारा. एकट्याने साठवू नये, संघाने साठवावे. आणि किल्ली भीतीने न डगमगणाऱ्याच्या हाती असावी.

हे केवळ ग्रंथांत नव्हते. आपल्या रायगड जिल्ह्यातील कुडा आणि महाडजवळची गंधारपाले ही लेणी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत. तेथे, तसेच कान्हेरीला व जुन्नरला, खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे आणि ती दान म्हणून दिल्याचे लेख आहेत. उद्याचा भात न ठेवणारा भिक्खू आठ कोरड्या महिन्यांसाठी पावसाचे पाणी साठवत होता. उत्तर प्रदेशातील गोरखपूर जिल्ह्यात सापडलेला सोहगौरा ताम्रपट आणि बांगलादेशातील महास्थान येथे 1931 साली मिळालेला शिलालेख हे दोन्ही ब्राह्मी लेख सामान्यतः मौर्यकालीन मानले जातात. दोन्हींचा विषय आपत्काळासाठीची कोठारे हाच आहे. महास्थानच्या लेखात तर संकटात दिलेले धान्य सुबत्ता आल्यावर कोठारात परत भरावे असा आदेश आहे. सुकाळात भरायचे, अडचणीत वाटायचे, पुन्हा भरायचे, असे हे चक्र आहे.

येथे आपल्यातील एखादा ज्येष्ठ मला थांबवील आणि विचारील, “सर, हे सगळे ठीक, पण गावाच्या कोठाराची किल्ली आपल्याकडे कधी होती?” हा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो.

गावात धान्याची पेवे होती, कणग्या होत्या. आपल्या आज्याच्या वाट्याला खळ्यावरचे बलुते आणि उंबऱ्याबाहेर मागितलेली भाकर होती. साठवण्यासारखे आपल्याजवळ काय होते? मेलेल्या जनावराच्या मांसाच्या वाळवलेल्या पट्ट्या, म्हणजे चान्या. ज्यांना कोठार नव्हते त्यांचे ते कोठार. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ या पुस्तकात ही खाद्यसंस्कृती लिहून ठेवली, हे फार मोठे काम झाले. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा उपाशी राहण्याचा धोका पत्करून आपल्या लोकांनी स्वाभिमान निवडला. आणि त्याच महाडात 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्यावर जे घडले ते काय होते? तळे भरलेले होते. पाण्याचा साठा होता. प्रश्न साठ्याचा नव्हता, अधिकाराचा होता.

माझी आई 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यात खडी फोडायला जात असे. सुकडी आणि लाल मिलोच्या भाकरीची चव ती अखेरपर्यंत सांगत असे. त्या वर्षी गावातील मोठ्या वाड्यांत जुनी ज्वारी नव्हती असे नाही, असेही ती सांगे. परंतु आमचे घर जगले ते वाड्याच्या दयेवर नाही. सरकारी कामावर हजेरी लागली म्हणून जगले. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आलेली रोजगार हमी योजना पुढे 1977 च्या कायद्याने हक्क झाली. अमर्त्य सेन यांनी 1943 च्या बंगालच्या दुष्काळाविषयी हेच दाखवून दिले आहे: 1941 सालापेक्षा त्या वर्षी धान्याचा पुरवठा कमी नव्हता, तरी लाखो माणसे मेली, कारण मजुराच्या हातात धान्य मिळवण्याची ताकद उरली नव्हती, आणि साठेबाजीने भाव आणखी चढले होते. 2020 मध्येही सरकारी गोदामांत राखीव प्रमाणापेक्षा कितीतरी अधिक धान्य होते. तरीही कळंबोलीहून द्रुतगती मार्गाने डोक्यावर गाठोडे घेऊन चालत निघालेली माणसे आपण पाहिली. ज्याचे रेशनकार्ड गावी, त्याला तेव्हा येथील कोठार बंद होते.

म्हणून त्या ज्येष्ठांना माझे उत्तर असे: आपल्या माणसाने घरात महिनाभराचे धान्य ठेवणे याला मी स्वार्थ म्हणणार नाही. ज्याच्या आज्याला उद्याची भाकर ठाऊक नव्हती, त्याच्या घरातील भरलेला डबा ही स्वाभिमानाची खूण आहे. परंतु ज्या दिवशी आपण त्या डब्यावर समाधान मानू आणि सामाईक कोठाराचा आग्रह सोडू, त्या दिवशी आपण वाड्यातले झालो. आपला इतिहास आपल्याला ‘स्वतःची कोठी बांध’ एवढेच शिकवत नाही. ‘कोठीची किल्ली माग’ असेही शिकवतो.

सामाईक व्यवस्था काय करू शकते हेही आपण कळंबोलीतच पाहिले आहे. एप्रिल 2021 मध्ये दुसऱ्या लाटेत प्राणवायूसाठी माणसे तडफडत होती. ज्यांना शक्य होते ते ‘लागला तर असावा’ म्हणून सिलिंडर घरी आणून ठेवत होते. घरात पलंगाखाली पडून असलेला प्रत्येक सिलिंडर हा कोणाच्या तरी नाकावरून काढलेला होता, असे म्हटले तर ते फार कठोर होणार नाही. त्याच वेळी, 19 एप्रिल रोजी, देशातील पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस आपल्या कळंबोलीच्या मालधक्क्यावरून निघाली. सात रिकामे टँकर रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवून ती विशाखापट्टणमला गेली, तेथील पोलाद कारखान्यात प्राणवायू भरला गेला आणि त्या आठवड्याच्या अखेरीस ते टँकर नागपूर व नाशिकला पोहोचले. पोलादासाठीचा साठा माणसांसाठी वळवला गेला. घराघरांत दडवलेल्या सिलिंडरांनी जे कधीच साधले नसते, ते एका गाडीने साधले.

मग शहाणा साठा आणि स्वार्थी साठा यांत भेद कसा करावा? मी तीन कसोट्या सुचवतो. पहिली वेळेची. बाजारात मुबलक असताना थोडेथोडे साठवणारा कोणाचेही काही घेत नाही. उलट संकटाच्या रात्री तो रांगेत नसतो, म्हणून मागच्याला जागा मिळते. रांग लागल्यावर साठवणारा मात्र मागच्याचे घेतो. दुसरी मापाची. जे सडण्याआधी आपल्या घरात खपेल तेवढेच. पिठात अळ्या पडल्या, त्याच दिवशी माझा साठा कसोटीला उतरला नाही. तिसरी दाराची. शेजारी उपाशी असताना जो डबा उघडतो तो साठा. जो उघडत नाही ती साठेबाजी.

कळंबोलीकरांना यासाठी दूरचा दाखला नको. आपली वसाहत सखल भागात आहे. 26 जुलै 2005 चे पाणी आपण विसरलेलो नाही. सिडकोने नवी मुंबई वसवताना धारण तलावांची योजना केली. भरतीच्या वेळी दारे मिटायची, पावसाचे पाणी तलावात घ्यायचे आणि ओहोटी लागताच खाडीत सोडून द्यायचे. तलाव गाळाने भरला तर पाणी घेता येत नाही. दार उघडले नाही तर तोच तलाव वस्ती बुडवतो. साठवण म्हणजे केवळ धरून ठेवणे नव्हे, वेळेवर सोडणेही आहे.

शेवटी एक प्रस्ताव. आपल्या शाळेच्या वसतिगृहात रोज धान्य शिजते. म्हणजे येथे साठा सडत नाही. जुने आधी वापरायचे, नवे मागे लावायचे. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या कमाईच्या चौथ्या वाट्यातील लहानसा अंश देऊन शाळेत एक आपत्कालीन कोठी उभी करावी. तांदूळ, डाळ, तेल, मीठ, जलसंजीवनीची पाकिटे, पाणी शुद्ध करण्याचे औषध, विजेऱ्या आणि दोर. साठ्याचा हिशेब दर महिन्याला फलकावर लागावा. कोठीला दोन कुलुपे असावीत. एक किल्ली शिक्षकांकडे आणि दुसरी पालकांतील एखाद्या मातेकडे, जिने कधी ना कधी रिकाम्या डब्याचा आवाज ऐकला आहे. आणि संकटाच्या दिवशी दाराशी येणाऱ्याला जात, धर्म, गाव वा रेशनकार्ड विचारले जाऊ नये.

पहिल्या महिन्याचे वीस किलो पीठ, दहा किलो तांदूळ, पाच किलो तूरडाळ आणि पाच लिटर तेल माझ्याकडून. ते फार पूर्वीच कोणाचे तरी देणे होते.