संमतीपत्र भिंतीवर टांगून भागत नाही

जानेवारी २०२५ मध्ये खडकवासला, नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक आढळू लागले. संशय पाण्यावर गेला. फेब्रुवारीत पुणे महापालिकेने पाण्याचे जार भरून विकणारे खासगी आरओ प्रकल्प तपासले. कुणाकडे परवाना नव्हता, कुणाच्या पाण्यात दोष निघाला. अनेक प्रकल्पांना सील लागले. कर्ज काढून यंत्र बसवलेल्यांचा धंदा बसला आणि मोलाने पाणी घेऊन पिणाऱ्यांचा विश्वासही गेला.

आमच्या मते यात केवळ बेफिकिरी नव्हती, अज्ञानही होते. खडकवासला, नांदेड, किरकटवाडी ही गावे २०२१ मध्ये महापालिकेत आली. त्याआधी ग्रामपंचायतीचा दाखला मिळाला की काम झाले, अशी अनेकांची समजूत होती. ती पूर्वीही खरी नव्हती. पाणी प्रदूषणाचा कायदा १९७४ चा, हवेचा १९८१ चा आणि भोपाळच्या दुर्घटनेनंतर झालेला पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. हे कायदे गावाची वेस पाहत नाहीत.

व्यापारी बांधवांनी प्रथम आपला व्यवसाय कोणत्या वर्गात मोडतो ते पाहावे. लाल, नारिंगी, हिरवा, पांढरा असे वर्ग २०१६ मध्ये ठरले. पांढऱ्या वर्गाला संमती लागत नाही, मंडळाला कळवले की पुरते. इतरांना दोन टप्पे आहेत. उभारणीपूर्वी एक संमती आणि चालू करण्यापूर्वी दुसरी. मशीन आणून बसवायचे, मग कागदाच्या मागे लागायचे, ही आपली जुनी खोड येथे महागात पडते. कलम ३३-अ खाली मंडळ व्यवसाय बंद करण्याचा, वीज व पाणी तोडण्याचा आदेश देऊ शकते. मीटर कापला गेल्यावर कारागिरांचा पगार कोठून द्यायचा?

संमती मिळाली की ती चौकटीत घालून गल्ल्यामागे लावली जाते. पुढच्या पानांवरील अटी मात्र कुणी वाचत नाही. सांडपाणी किती, ते कोठे सोडायचे, कचरा कुणाला द्यायचा, हे सारे तेथेच असते. गॅरेजवाल्याने गाडीतून काढलेले काळे ऑईल गटारात ओतणे किंवा मिळेल त्या भंगारवाल्याला विकणे हा नियमभंग आहे. ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावे लागते. धरणाच्या वरच्या अंगाला ओतलेले ऑईल शेवटी पुणेकरांच्या नळाच्या दिशेनेच जाते. साचलेल्या पाण्यात घाण करण्यास आपल्या पैगंबरांनी (स.) मनाई केली आहे. आपल्या दुकानदारांना हे कायद्याच्या आधीपासून ठाऊक असायला हवे.

दोष एकाच बाजूला नाही. या अटी इंग्रजीत असतात. भट्टीसमोर उभा असलेला बेकरीवाला त्या वाचणार कशा? म्हणून तो एजंटाकडे जातो, एजंट मागेल ते देतो आणि फाईलमध्ये काय लिहिले हे त्याला कधीच कळत नाही. अटींचा मराठी तर्जुमा सोबत देणे मंडळाला अशक्य नाही. जमातीच्या व्यापारी संघटनांनी ही मागणी लेखी करावी. तोवर दर जुम्याला मशिदीबाहेर एखाद्या जाणकाराने तासभर बसून अर्ज समजावले तरी पुष्कळ होईल.

कायदा केवळ दंडाचा नाही, हेही सांगितले पाहिजे. पाणी कायद्याच्या कलम २५ नुसार पूर्ण अर्ज दिल्यापासून चार महिन्यांत निर्णय न झाल्यास संमती मिळाली असे मानले जाते. नकार द्यायचा तर कारणे लेखी द्यावी लागतात आणि त्याविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येते. पण अर्ज ऑनलाईन असल्यामुळे तो ज्याच्या नावाने व मोबाईलने भरला, निरोप त्यालाच येतात. तेव्हा नंबर स्वतःचा द्यावा, एजंटाचा नव्हे, आणि अर्जाची पोचपावती छापून जपून ठेवावी. चार महिने त्या पावतीवरील तारखेपासून मोजले जातात.