उपग्रहाची साक्ष आणि वृद्धांचा जबाब



जंगल राखले पाहिजे याविषयी आपणांत दुमत नाही. परंतु जंगल कोठे संपते आणि तुमचे शेत कोठे सुरू होते, हे कोणाच्या साक्षीवरून ठरवावयाचे? आज ती साक्ष आकाशातून येते. उपग्रहाने टिपलेल्या चित्रात शेत दिसत नाही, एवढ्यावरून माणसाचा दावा फेटाळला गेल्याची उदाहरणे आहेत.

हे चित्र खोटे बोलते असे आम्ही म्हणत नाही. ते अपुरे पाहते. देशातील वनक्षेत्र मोजण्यासाठी वर्षानुवर्षे जी उपग्रहचित्रे वापरली गेली, त्यांतील एक ठिपका सुमारे २३.५ मीटर लांब व तितकाच रुंद. म्हणजे साडेपाच गुंठे जमीन एका ठिपक्यात गडप! धुऱ्यावर राखलेला मोह, एक साल पडीत ठेवलेली बांधी, वरून पाहणाऱ्यास हे सारे रानच. त्या मोजणीत तर एक हेक्टर जागेवर दहा टक्के वृक्षछाया असली की ते वनाच्छादन ठरते. मग ती कोणाची आमराई का असेना.

२००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीची वहिवाट मान्य केली. तथापि अनुसूचित जमातींखेरीज इतरांनी तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे अशी अट घातली. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्टीतील आपली बौद्ध कुटुंबे याच वर्गात येतात. ज्यांच्या आजोबांना चावडीची पायरी चढू दिली नाही, त्यांच्या नातवांकडे चावडीचे दप्तर मागणे हा कोठला न्याय?

कायदा करणाऱ्यांस ही अडचण ठाऊक होती. म्हणून जुने बांध, विहिरी, स्मशानभूमी आणि वृद्धांचे लेखी जबाब हेही पुरावे म्हणून नियमांत स्वीकारले गेले. उपग्रहचित्र इतर पुराव्यांस पूरक होईल, त्यांची जागा घेणार नाही, असे २०१२ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले. गुजरात उच्च न्यायालयानेही २०१३ साली केवळ चित्रावरून दावे नाकारणे चुकीचे ठरविले. तरीही १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हुसकावण्याचा आदेश दिला, तेव्हा देशभरातील दहा लाखांहून अधिक दावे त्या कक्षेत आले. १५ दिवसांनी आदेशास स्थगिती मिळाली, ती हे दावे नीट तपासले गेले नव्हते या शंकेमुळेच.

सबब दावा नाकारला गेला तर कारण लेखी मागा. चित्र कोणत्या तारखेचे, ते कोणी वाचले, शेतावर कोण येऊन गेले, हे विचारा. ग्रामसभेच्या वा उपविभागीय समितीच्या निर्णयावर ६० दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते. आणि दावेदार नसलेल्या शेजारच्या आजीचा जबाब या आठवड्यातच लिहून घ्या. तो बांध कोणी घातला हे तिला आठवते.