शहर खोडलेलीं पक्षिचित्रें

पाणथळींतल्या पक्ष्यांचीं छायाचित्रें काढण्याचा छंद अलीकडे फार वाढला आहे, आणि त्याचें कौतुकहि पुष्कळ होतें. छंदाशीं आमचें भांडण नाहीं. भांडण आहे तें एका रूढीशीं, आणि ती रूढी अशी कीं, शहरांत काढलेल्या पक्षिचित्रांत शहर दिसतां कामा नये. शिवडीच्या चिखलांत उभा असलेला रोहित टिपावयाचा, पण मागच्या कारखान्यांचीं धुराडीं, वरून जाणारा अटल सेतु आणि पायांशीं रुतलेली प्लास्टिकची पिशवी हीं तिन्ही वगळावयाचीं. लांब भिंग लावून पार्श्वभूमि धूसर करावयाची, उरलेलें घरीं बसून पुसावयाचें, आणि मग तें गुलाबी पांखरूं जणू मानससरोवरावरून नुकतेंच उतरलें अशा थाटांत लोकांपुढें ठेवावयाचें!

यावर ठरलेलें उत्तर असें कीं, कला म्हणजे निवड. कबूल. परंतु हजार जण हजार वेळां नेमकी एकच वस्तु वगळूं लागले म्हणजे तिला निवड म्हणत नाहींत, सोंवळें म्हणतात. आणि या सोंवळ्यांत जें बाहेर ठेवलें जातें तेंच पुष्कळदां त्या पांखराच्या तेथें असण्याचें कारण असतें. लहान रोहित उलटी चोंच पाण्यांत बुडवून सूक्ष्म शेवाळ गाळून खातो. ठाण्याच्या खाडींत तें शेवाळ माजतें त्यांत मुंबईच्या सांडपाण्याचा हात आहे, असें अभ्यासक सांगतात. त्याच पाण्यांतून कारखान्यांचें विषहि येतें; तेव्हां ही सांडपाण्याची वकिली नव्हे. पण ज्या ताटांत अन्न आणि विष एकत्र वाढलेलें आहे, तें ताटच चित्रांतून काढून घेतल्यावर पाहणारास समजावें तरी काय?

त्यास एवढेंच समजतें कीं, हा पाहुणा आहे. शहराशीं त्याचा संबंध नाहीं. येथें जागा उरली नाहीं तर दुसरीकडे जाईल. पाणथळ बुजवूं पाहणाराहि नेमकें हेंच म्हणतो, आणि आमचा कलावंत त्याला नकळत चित्रें पुरवितो. ठाणे खाडीचा सुमारें १,६९० हेक्टर भाग २०१५ सालीं अभयारण्य झाला, २०२२ सालीं त्याचें नांव रामसर यादींत गेलें; एवढें झालें तरी भरती येतांच हे पक्षी चिखल सोडून आसपासच्या तळ्यांवर विसाव्यास येतात, आणि तीं तळीं त्या रेघेबाहेर आहेत. २०२४ सालीं नेरूळच्या अशाच एका तळ्यांत भरतीचें पाणी येण्याचे मार्ग बुजल्याची ओरड झाली, तळें सुकलें, आणि त्या परिसरांत रोहित मेलेले सापडले. अशा वेळीं उपयोगी पडतें तें कोणतें चित्र? पाण्याची वाट, बांध, शेजारची भिंत आणि त्यांच्यामध्यें पक्षी असें एखादें. धूसर निळाईवरची गुलाबी मान तेथें कांहींच साक्ष देत नाहीं. त्याच वर्षीं २० मेच्या रात्रीं घाटकोपरावर उतरत्या विमानाची धडक बसून तीसाहून अधिक रोहित मेले. विमान आणि पांखरूं एकाच आभाळांतून ये-जा करितात, ही गोष्ट एरवींच्या चित्रांतून कोणास कळली असती?

ही केवळ मुंबईची रीत असती तर आम्ही खानदेशांतल्या माणसांनीं तिकडे लक्ष दिलें नसतें. पण नरडाणा हें सुरत–भुसावळ लोहमार्गावरचें, औद्योगिक वसाहतीचें गांव. येथला हौशी माणूसहि कॅमेरा गळ्यांत अडकवून तापी–पूर्णेच्या संगमाकडे, हतनूरच्या जलाशयावर जाण्याचीं स्वप्नें पाहतो, कारण तेथें क्षितिज मोकळें मिळतें. धुळ्यास भर वस्तींतून पांझरा वाहते. तिच्या उथळ, गढूळ पाण्यांत लांब तांबड्या काड्यांवर शेकाट्या उभा असतो, कडेला वंचक दबा धरून बसतो, दगडांवर तुतवार शेपटी नाचवितो. पण मागें कपडे वाळत आहेत, म्हणून ती जागा चित्रास नालायक! जळगांवचें मेहरूण बोरांसाठीं नांवाजलें. तेथल्या तलावावर कॅमेरा वळला तरी फिरावयास आलेलीं माणसें वाटेंतून कधीं दूर होतात याचीच वाट पाहिली जाते. शेकाट्यास गटाराचें वावडें नाहीं. वावडें आहे तें आमच्या रसिकतेस.

निर्मळ पार्श्वभूमीच्या हव्यासापायीं चिखलांत पोटावर सरपटत पांखरांच्या अंगावर जाणें, उडतांना टिपावयाचें म्हणून खडा मारून थवा उठविणें, असले प्रकारहि चालतात. त्यांविषयीं अधिक लिहिण्याची गरज नाहीं; तो सरळ दांडगेपणा आहे. शेंकडों कोसांवरून येऊन ओहोटीच्या चार घटकांत पोट भरणाऱ्या जिवास अकारण उडावयास लावणें म्हणजे त्याच्या तोंडचा घांस काढणें.

आमची मागणी अगदीं साधी आहे. मासिकांनीं आणि प्रदर्शनांनीं पक्षिचित्राखालीं स्थळ, तारीख आणि वेळ छापावी, आणि चौकटीबाहेर काय होतें तें एका ओळींत सांगावें. यावर कोणी म्हणेल, जागा उघड केल्यास पक्ष्यांस उपद्रव होईल. विणीची जागा जरूर लपवावी. त्याबद्दल दुमत नाहीं. पण ठाण्याच्या खाडीचें नांव लपवून कोणाचें रक्षण होणार? ऐरोलीहून तिकीट काढून, नावेंत बसून लोक ते थवे पाहावयास जातात.