नोटीसबोर्डावर टांगलेलं लग्न

लग्नाचा सीझन आला की आमच्या तुंगार्लीत झोप हराम होते. धरणाच्या अंगाला बंगले, लॉन, हॉटेलं. मुंबईची पार्टी उतरते. बँड, घोडा, डीजे, वर डोक्यावर घोंगावणारं ड्रोन. भटजी माईकवर मंत्र हाणतो, नवरानवरी सात पावलं टाकतात, आणि अर्ध्या तासात अख्खा कायदा त्यांच्या खिशात. तुमच्या लग्नाला कुणाची हरकत आहे काय, असं त्यांना कुणी विचारत नाही. आमची पोरं तिथं खुर्च्या मांडतात, ताटं उचलतात आणि पहाटे भाकरीपुरते पैसे घेऊन घरी येतात.

मी लग्न करायला निघालो तेव्हा मात्र सरकारला माझं नाव, पत्ता, वय, धंदा, सगळं भिंतीवर लावायचं होतं. मुलगी पाटलाघरची. सप्तपदी घालायची नाही हे आमचं दोघांचं ठरलेलं. म्हणून १९५४ चा विशेष विवाह कायदा धरला. त्याचं कलम पाच म्हणतं, नोटीस द्या. सहा म्हणतं, ती सगळ्यांना दिसेल अशी डकवा. सात म्हणतं, तीस दिवस थांबा, कुणाची हरकत असेल तर येऊ द्या. कचेरीचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. तिसऱ्या दिवशी तिचे चुलते दोन जीपा भरून आमच्या दारात. आईनं उंबऱ्यात उभं राहून तोंड दिलं. पुढचे अकरा दिवस ती मुलगी एका खोलीत कोंडलेली. आम्ही वाचलो. २०१३ साली सोनईत तिघांना मारून टाकलं, २०१४ साली खर्ड्यात नितीन आगेला. महाराष्ट्रात प्रेमाची किंमत काय असते हे पोलीसपाटलालाही ठाऊक आहे, फक्त कायद्यालाच ठाऊक नाही.

आता आपल्या मंडळींत वाद पेटलाय. लग्नाचा कायदा दिल्लीनं करावा की राज्यानं? एक कॉम्रेड म्हणतो, सगळं दिल्लीच्या हातात द्या, राज्यं म्हणजे जातदांडग्या पाटलांच्या बैठका. दुसरा म्हणतो, दिल्ली म्हणजे हिंदी पट्ट्यातलं बामणी राज्य, आपलं आपण बघू. दोघंही चहा पिऊन घरी जातात. घरी बायको दोघांचीही आपापल्या जातीतली, हे जाता जाता.

दोस्तहो, आधी इतिहास काढा. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांनी दिल्लीच्या कौन्सिलात आंतरजातीय लग्न कायदेशीर ठरवायचं बिल आणलं. सनातन्यांनी बोंब ठोकली, टिळकही विरोधात. बिल मेलं. आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१९ साली आपल्या संस्थानात तोच कायदा करून टाकला. बडोद्यात सयाजीरावांनी १९०४ साली बालविवाहाला बंदी घातली, १९३१ साली हिंदू बाईला घटस्फोट दिला. मुंबई सरकारनं १९४६ साली हिंदूंची दुबायकी बंद केली, १९४७ साली घटस्फोटाचा कायदा केला. दिल्ली तोवर झोपलेली. जागी झाली तेव्हा काय केलं? बाबासाहेबांचं हिंदू कोड बिल चार वर्षं लोंबकळत ठेवलं आणि गळा दाबला. २७ सप्टेंबर १९५१ ला बाबासाहेबांनी राजीनामा दिला. मग तेच बिल तुकडे करून १९५५-५६ मध्ये पास केलं. तेव्हा दिल्ली दिल्ली करणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

पण राज्य राज्य करणाऱ्यांनीही छाती फुगवू नये. घटनेच्या सातव्या परिशिष्टात, समवर्ती सूचीत, पाचव्या नोंदीत लग्न आणि घटस्फोट आहे. म्हणजे दोघांनाही अधिकार. भांडण झालं तर दिल्लीचा कायदा वरचढ, पण राष्ट्रपतींची संमती मिळाली तर कलम २५४ प्रमाणे त्या राज्यापुरता राज्याचा कायदा चालतो. १९६७ साली अण्णादुराईंच्या सरकारनं ह्याच अधिकारात हिंदू विवाह कायद्यात कलम सात-अ घातलं. भटजी नको, होम नको. चार माणसांसमोर एकमेकांना नवराबायको म्हणा, हार घाला किंवा अंगठी घाला, लग्न पक्कं. २०२३ साली सुप्रीम कोर्टानंही सांगितलं की अशा लग्नाला जाहीर गाजावाजा लागत नाही. आणि ह्याच रस्त्यानं उत्तराखंडही आलं. २७ जानेवारी २०२५ पासून तिथं लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांनीही सरकारदरबारी नोंद करायची, ती पोलिसांकडं जाणार, वय एकवीसच्या आत असेल तर आईबापांना कळवणार. म्हणजे माझ्यावेळी चुलत्यांना कचेरीपर्यंत चालत तरी यावं लागलं. आता सरकारच घरपोच देणार.

आपलं महाराष्ट्र सरकार? डिसेंबर २०२२ मध्ये त्यानं आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्नांवर लक्ष ठेवायला समिती काढली. ओरड झाली तेव्हा दोन दिवसांत ‘आंतरजातीय’ शब्द पुसला, ‘आंतरधर्मीय’ ठेवला. का पुसला? आपली मतं जातील म्हणून. मुसलमानाची मतं मोजायचीच नव्हती. आपण त्या दिवशी सुटकेचा श्वास टाकला, ह्याची मला लाज वाटते. बौद्ध पोरगा आणि मुसलमान पोरगी, दोघांनीही धर्म सोडायचा नसेल तर त्यांना तोच एक १९५४ चा कायदा आणि तोच नोटीसबोर्ड. एका हातानं आंतरजातीय जोडप्याला पन्नास हजारांचं प्रोत्साहन द्यायचं, दुसऱ्या हातानं त्याचा पत्ता भिंतीवर चिकटवायचा. पन्नास हजार कशाचे? हाडं बसवायचे?

आता दुखरी गोष्ट. आमचं लग्न शेवटी विहारात लागलं. त्रिशरण, पंचशील, बाबासाहेबांचा फोटो, हार. वकील म्हणाला, काळजी करू नका, तुम्ही हिंदू विवाह कायद्यात बसता. खरंच बसतो! कलम दोन बौद्धांना लागू आहे. १९५६ ला धर्म सोडला, पण १९५५ च्या कायद्यानं सोडलं नाही. बाबासाहेबांनीच कोड बिलात बौद्धांना घेतलं होतं आणि संसदेत त्याची बाजू मांडली होती, हे लपवून आपलं भलं होणार नाही. तेव्हा नागपूर व्हायचं होतं. लाखोंच्या नव्या समाजासाठी नव्यानं विचार करायचं काम आपल्या माथी होतं आणि ते आपण केलं नाही.

कलम सात म्हणतं, लग्न रूढीप्रमाणं लागलं पाहिजे. आणि रूढी म्हणजे काय? कायदाच सांगतो: दीर्घकाळ, अखंड, एकसारखी चालत आलेली. म्हणजे आपण पोथी जाळून जो नवा विधी घडवला तो जुना आहे हे कोर्टात शाबीत करायचं! १९६५ साली भाऊराव लोखंडे खटल्यात सुप्रीम कोर्टानं दुसरं लग्न करणाऱ्या नवऱ्याला सोडलं. का? तर दुसऱ्या लग्नात होम नाही, सप्तपदी नाही, म्हणून ते लग्नच नाही. आणि एप्रिल २०२४ मध्ये तेच कोर्ट म्हणालं, विधी झाला नसेल तर नुसत्या नोंदणीच्या कागदानं हिंदू लग्न होत नाही. उद्या आपल्यातलाच एखादा भाडखाऊ नवरा बाईला घराबाहेर काढील आणि पोटगीच्या वेळी म्हणेल, साहेब, सप्तपदी कुठं झाली? ती बाई विहारातल्या फोटोचा अल्बम घेऊन साक्षीदार शोधत फिरणार. तिला दिल्ली की मुंबई हे विचारा.

माझं म्हणणं सरळ आहे. वय, संमती, एकपत्नीत्व, घटस्फोट, पोटगी, ह्याची जमीन दिल्लीनं घालावी आणि कुठल्याही राज्याला ती खणू देऊ नये. त्यावर मजले चढवायचे ते राज्यांनी चढवावेत. आणि मुंबईला आजही हात बांधलेले नाहीत. १९५४ च्या कायद्यातली नोटीस महाराष्ट्रापुरती काढून टाकणारी दुरुस्ती, आणि बौद्ध लग्नाला सात-अ सारखं स्वतंत्र कलम. दोन पानांचं बिल. राष्ट्रपतींकडं पाठवा. अडवायचंच असेल तर दिल्लीनं उघड अडवावं, म्हणजे कोण कुठं उभा आहे ते दिसेल. दर निवडणुकीत फुले-शाहू-आंबेडकर घोकणाऱ्या आपल्या आमदारांना विचारा, हे बिल कुणी मांडलं? शाहूंनी १९१९ साली केलं ते ह्यांना अजून जमत नाही.

कार्ल्याच्या लेण्याला आम्ही लहानपणापासून जातो. चैत्याच्या दाराशी दगडात कोरलेली जोडपी आहेत, एकमेकांना खेटून उभी, दोन हजार वर्षं. गेल्या महिन्यात बायकोला घेऊन गेलो होतो. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ह्यांची नोटीस कुठं लावली होती रे?